खिळ्याचे छायाचित्र

१९७३ साली पेरू देशात स्वतःला क्रांतिकारी म्हणवणारे लष्करी सरकार सत्तेवर होते. त्या सरकारने 'आल्फिन' या नावाने ओळखली जाणारी साक्षरतेची एक मोठी मोहीम हाती घेतली. प्रौढांना स्पॅनिश आणि त्यांची मातृभाषा यांच्या जोडीला 'इतर भाषा'ही शिकवाव्यात असा या मोहिमेचा संकल्प होता, आणि या इतर भाषांत नाटक, छायाचित्रण, बाहुल्यांचे खेळ, चित्रपट अशा कला मोडत होत्या. ब्राझीलच्या लष्करशाहीने तुरुंगात डांबून, छळ करून देशाबाहेर जायला भाग पाडलेला नाटककार ऑगस्टो बोआल या मोहिमेत सामील झाला होता. १९७४ मध्ये स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'शोषितांची रंगभूमी' या ग्रंथात त्याने तिथल्या छायाचित्रणाच्या प्रयोगाची हकीकत दिली आहे. शिक्षक प्रश्न विचारीत आणि शिकणाऱ्यांनी उत्तरादाखल छायाचित्र काढून आणायचे. शोषण म्हणजे काय, असे एकदा विचारले गेले. कोणी वाण्याचे छायाचित्र आणले, कोणी घरमालकाचे, कोणी सरकारी कचेरीचे. एका मुलाने भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचे छायाचित्र आणले.

मोठ्या माणसांना त्याचा काही बोध होईना. वर्गातल्या इतर मुलांना मात्र तो लगेच झाला. लिमाच्या कडेच्या वस्त्यांतली ही मुले पाचसहा वर्षांची असल्यापासून बुटांना पॉलिश करण्याचे काम करीत. त्यांच्या वस्तीत पॉलिश करण्याजोगे बूट कोणाच्या पायांत नसत, म्हणून कामासाठी शहराच्या मध्यभागी जावे लागे. सामानाची जड पेटी रोज घरी नेणे-आणणे अशक्य होते. तेव्हा तिथल्या एखाद्या दुकानदाराकडून रात्रीपुरता भिंतीवरचा खिळा भाड्याने घ्यायचा आणि त्याला पेटी टांगून ठेवायची. दिवसभराच्या तुटपुंज्या कमाईतून खिळ्याचे भाडे वजा होई.

सामाजिक आरोग्याच्या संशोधनात गेल्या काही दशकांत कलामाध्यमांचा जो वापर होऊ लागला आहे, त्याच्या इतिहासाचा विचार करताना प्रस्तुत लेखकाला हा खिळा वारंवार आठवतो. लोकांच्या हाती कॅमेरा देणे, त्यांच्याकडून चित्रे काढून घेणे, त्यांच्यासह नाटक उभे करणे, कापडावर नकाशे शिवणे, अशा अनेक रीती आता सार्वजनिक आरोग्याच्या विद्याशाखेत मान्य पावल्या आहेत. त्यांच्यावर प्रबंध होतात, त्यांची प्रशिक्षणे होतात. हा सारा व्यवहार आरोग्यशास्त्राचा, मग वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्यात का लक्ष घालावे? माझ्या मते त्याचे कारण त्या खिळ्यातच आहे. मुलाचे बोलणे बाजूला काढले तर ते छायाचित्र नुसत्या खिळ्याचे उरते. अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा आणि सांगणाऱ्याचे नाव कोठे लिहायचे, हे आपल्या विषयाचे जुने प्रश्न या संशोधनात अगदी रोकड्या स्वरूपात उभे राहतात. तिथे त्यांच्या उत्तरावर पाळणाघर उघडणे किंवा औषध मिळणे अवलंबून असते.

बोआलच्या मागे उभा असलेला विचार पावलो फ्रेरे या ब्राझीलच्याच शिक्षणतज्ज्ञाचा. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधील आंजिकोस या गावी त्याने सुमारे ३०० प्रौढांना केवळ ४० तासांत अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग केला. त्या काळच्या त्याच्या 'संस्कृती-मंडळां'त अक्षरांच्या आधी चित्रे येत. शेतकरी, विहीर, कुंभार, शिकारी अशी रोजच्या जीवनातली दृश्ये भिंतीवर दाखवायची आणि जमलेल्यांनी त्यांविषयी बोलायचे. ही चित्रे रेसिफेचा नामवंत चित्रकार फ्रान्सिस्को ब्रेनांद याने काढलेली होती. १९६४ च्या लष्करी उठावानंतर मूळ चित्रे फ्रेरेच्या हातून हिरावली गेली, आणि पुढे ग्रंथासाठी विसेंती द आब्रेऊ या दुसऱ्या चित्रकाराकडून ती नव्याने काढून घ्यावी लागली. विहिरीच्या आणि कुंभाराच्या चित्रांची एखाद्या राजवटीला धास्ती वाटावी, ही चित्रांना मिळालेली दादच म्हणायची.

फ्रेरेच्या परिभाषेत हे चित्र म्हणजे एक 'संकेतन', आणि त्याविषयीची चर्चा म्हणजे त्याचे 'विसंकेतन'. चिन्हमीमांसेचा ज्यांना थोडाफार परिचय आहे त्यांना हे शब्द अनोळखी वाटणार नाहीत. तथापि फ्रेरेच्या ग्रंथातला, चिलीची राजधानी सान्तियागो येथील एक प्रसंग त्या परिभाषेपेक्षा अधिक बोलका आहे. दाटीवाटीच्या चाळीत राहणाऱ्या काही माणसांपुढे एक चित्र ठेवण्यात आले. रस्त्याने झोकांड्या खात जाणारा एक दारुडा, आणि कोपऱ्यावर गप्पा मारीत उभे असलेले तीन तरुण. संशोधकाला मद्यपानाच्या प्रश्नाचा शोध घ्यायचा होता. जमलेल्यांनी चित्र पाहिले आणि सांगितले की यांत कामाचा माणूस एकच, तो म्हणजे दारू प्यालेला. बिचारा दिवसभर थोडक्या मजुरीवर राबून घरी चालला आहे, बायकामुलांचे कसे भागवावे या काळजीने त्याला घेरले आहे; तो आमच्यासारखाच कष्टकरी आहे.

संशोधकाने मद्यपानाविषयी प्रश्नावली फिरवली असती तर हीच माणसे बहुधा गप्प बसली असती, अथवा आम्ही पीत नाही असे म्हणून मोकळी झाली असती. फ्रेरेचाही अभिप्राय असाच आहे. चित्रातला माणूस तिऱ्हाईत असल्यामुळे त्याच्याविषयी बोलता आले, आणि त्याच्याविषयी बोलता बोलता ती माणसे स्वतःविषयी बोलली. मजुरी, अपमान आणि दारू यांची गाठ त्यांनीच उकलून दाखवली. दारूच्या प्रश्नावर मराठीत नाटक म्हटले की आपल्यापुढे 'एकच प्याला'तला सुधाकर उभा राहतो. त्या नाटकाची थोरवी मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की दारुड्याकडे पाहण्याची आपली दृष्टी घडवणारा तो वकील आहे, आणि सान्तियागोच्या चाळकऱ्यांनी ज्याला आपला मानले तो मजूर आहे. दोघांच्या दारूचे निदान एक होऊ शकत नाही. योगायोगाची गोष्ट अशी की १९६७ च्या सुमारास रोलाँ बार्त पॅरिसमध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता देत होता, आणि जवळपास त्याच वर्षांत हे चाळकरी कोणत्याही सिद्धान्ताच्या मदतीशिवाय चित्रकाराचा आणि संशोधकाचा अभिप्रेत अर्थ उलटा करून दाखवत होते. फरक इतकाच की बार्तच्या वाचकाला नाव नव्हते आणि त्याला त्याची गरजही नव्हती. चाळकऱ्यांचे नावाविना काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. त्याकडे पुढे येऊ.

फ्रेरेकडे चित्र काढणारा चित्रकार होता आणि वाचणारे लोक होते. पेरूमध्ये कॅमेरा लोकांच्याच हाती गेला, ही पुढची पायरी. तिथल्या वर्गात तुम्ही कोठे राहता, असा प्रश्न विचारला तेव्हा एका माणसाने काही महिन्यांच्या तान्ह्या मुलाच्या चेहऱ्याचे छायाचित्र आणले. त्याची काही चूक झाली असावी असे सर्वांना वाटले. त्याने जवळून पाहायला सांगितले. मुलाच्या चेहऱ्यावर रक्त होते, त्याचे नाक उंदरांनी कुरतडले होते. वस्ती रिमाक नदीच्या काठी, तिथे उंदरांचा सुळसुळाट. या माणसाकडे एक कुत्रा होता, त्याच्या धाकाने उंदीर घरात येत नसत. कुत्र्याला खरूज झाली आणि नगरपालिकेचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. मग उंदीर आले. मी राहतो तिथे असे होते, असे त्याचे उत्तर होते.

दवाखान्याच्या नोंदवहीत या घटनेची एक ओळ झाली असती: उंदीर चावल्याची जखम. घर, नदी, नगरपालिका, कुत्र्याची खरूज ही कारणांची सारी साखळी त्या ओळीत मावणारी नव्हती. रोगाची कारणे शरीराबाहेर, राहणीत आणि राज्यकारभारात असतात, हे सांगणारे शास्त्र आज आपल्याकडे आहे. १९७३ साली त्या माणसाने ते एका छायाचित्रात आणि चारसहा वाक्यांत सांगितले. बोआलच्या ग्रंथाने हे दोन्ही प्रसंग जगभर पोचवले. खिळ्याचे छायाचित्र घेणाऱ्या मुलाचे नाव आणि या बापाचे नाव मात्र त्याने दिलेले नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात या विचाराला वाट करून देणारी घटना म्हणून १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेचा उल्लेख नेहमी होतो. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा अधिकार आणि कर्तव्य आहे, असे त्या जाहीरनाम्याने म्हटले. त्याच्या आठ वर्षे आधी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या स्त्रियांना हाताशी धरून काम सुरू केले होते, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर याने बिल बाउअरसह १९८२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यसेवकांच्या शिक्षणावरील ग्रंथात तर चित्रे, सोंगे आणि गावनाटके यांना औषधांच्या बरोबरीचे स्थान आहे. पण या सर्व ठिकाणी कला ही शिकवण्यासाठी होती. कलेतून नवे ज्ञान मिळते, ते संशोधन म्हणून मान्य करावे, हा दावा यायला आणखी दहा वर्षे लागली. तो चीनमध्ये उभा राहिला.

युन्नान हा चीनच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ प्रांत. तेथील चेंगजियांग आणि लूलियांग या दोन तालुक्यांत १९९२ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी तेथील ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती साधे, आपोआप फोकस होणारे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे दिले. स्त्रियांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या मदतीला होत्या. शेतकरी स्त्रियांनी वर्षभर आपल्या रोजच्या आयुष्याची छायाचित्रे काढावीत, गटात बसून त्यांतली निवडावीत, निवडलेल्यांची हकीकत सांगावी, आणि ही चित्रे व हकीकती अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात, अशी कामाची रीत होती.

त्यांतल्या एका छायाचित्राची हकीकत या विषयावरच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. शेतात एक तान्हे मूल झोपले आहे आणि जवळच आई तण काढते आहे. परगावच्या माणसाला त्यात हिरवे रान आणि निवांत निजलेले बाळ दिसावे. आपल्याकडच्या दिनदर्शिकेवरही ते शोभले असते. युन्नानच्या बायकांना त्यात सांभाळायला माणूस नसलेले मूल दिसले. हंगामात घरातली सगळी माणसे रानात जातात आणि मूल बांधावर टाकावे लागते, ते काही धोक्यावाचून नसते. कार्यक्रम प्रजनन-आरोग्याचा होता, पण छायाचित्रांत शेतातले श्रम आले, पाणी आले, मुलांची देखभाल आली. आरोग्याची हद्द कोठवर, हे बायकांनीच ठरवले. मुलांसाठी पाळणाघरे, सुइणींचे प्रशिक्षण आणि मुलींसाठी शिष्यवृत्त्या या गोष्टींकडे लक्ष वेधण्यात या छायाचित्रांचा वाटा होता, अशी नोंद वांग यांनी केली आहे. १९९५ मध्ये, म्हणजे बीजिंगला जागतिक महिला परिषद भरली त्याच वर्षी, या स्त्रियांनी काढलेल्या १०० छायाचित्रांचे पुस्तक युन्नानमध्येच प्रसिद्ध झाले.

या पद्धतीच्या नामकरणाची कथा वाङ्मयाच्या अभ्यासकाला रंजक वाटेल. १९९४ मध्ये 'हेल्थ एज्युकेशन क्वार्टर्ली' या नियतकालिकात वांग आणि बरिस यांनी तिला 'फोटो नॉव्हेला' म्हटले. स्पॅनिश भाषिक देशांत फोटोनॉव्हेला नावाचा एक लोकप्रिय प्रकार पूर्वीपासून होता: छायाचित्रांच्या चौकटींतून सांगितलेली प्रेमकथा किंवा रहस्यकथा. साक्षरता-प्रसारकही तो वापरीत. नावाने घोटाळा होऊ लागला, आणि १९९७ च्या लेखात 'फोटोव्हॉइस' हे नाव आले, ते रूढ झाले. कादंबरी गेली आणि आवाज आला. या बदलात सोय होती हे खरे, पण माझ्या मते काहीतरी गमावलेही. कादंबरी म्हटले की कोणीतरी रचणारा असतो, निवड असते, क्रम असतो, क्वचित कल्पनाही असते. आवाज म्हटले की ते सारे नाहीसे होऊन जणू आतले काही आपोआप बाहेर पडते असा भास होतो. युन्नानच्या स्त्रियांनी शेकडो छायाचित्रांतून निवड केली, एकीच्या चित्रावर दुसरीने भाष्य केले, हे रचनेचे काम होते. 'आम्ही त्यांना आवाज दिला' हे वाक्य आज विकाससंस्थांच्या अहवालांत सर्रास आढळते. ज्यांना बोलता येत होते त्यांना आवाज दिला म्हणजे नेमके काय दिले, हे विचारण्याची प्रथा मात्र पडली नाही.

वांग आणि बरिस यांनी आपल्या पद्धतीची तीन मुळे सांगितली आहेत: फ्रेरेची शिक्षणदृष्टी, स्त्रीवादी विचार आणि वास्तवदर्शी छायाचित्रणाची परंपरा. यातल्या शेवटच्या दोन धाग्यांच्या सांध्यावर जो स्पेन्स ही ब्रिटिश छायाचित्रकार उभी आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. १९८२ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. डॉक्टर बोलत असत ते एकमेकांशी, तिच्याशी नव्हे, असा तिचा अनुभव. रुग्णालयात जाण्यापूर्वी तिने टेरी डेनेट या सहकाऱ्याच्या साथीने स्वतःचे एक छायाचित्र काढले. त्यात तिच्या डाव्या स्तनावर शाईने लिहिले आहे की ही जो स्पेन्सची मालमत्ता, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हात सगळे काही आहे. शरीर रुग्णाचे, पण त्याचे वाचन डॉक्टरचे, आणि वाचन ज्याचे त्याची सत्ता, हे तिने एका विरामचिन्हाने सांगितले. फोटोव्हॉइसच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत हे प्रश्नचिन्ह मला कोठे भेटले नाही.

पुस्तिकांत जे भेटते ते प्रश्नांचे एक कोष्टक. छायाचित्रात काय दिसते, खरोखर काय घडते आहे, त्याचा आपल्या जीवनाशी काय संबंध, हे असे का आहे, आणि आपण काय करू शकतो. या पाच प्रश्नांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून एक शब्द केलेला आहे. फ्रेरेच्या पद्धतीचा आरोग्यशिक्षणात वापर करताना हे कोष्टक घडले, आणि त्याचा उपयोग नाकारता येत नाही. बोलायला बिचकणाऱ्या गटाला सुरुवात करून द्यायला ते बरे पडते. पण आपल्या वर्गांत कवितेचे रसग्रहण 'मध्यवर्ती कल्पना, प्रतिमा, संदेश' या खणांत बसवून कवितेचे जे होते, तेच या कोष्टकाने छायाचित्राचे होते. खिळ्याच्या मुलाला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'खिळा' असे द्यावे लागले असते. त्याने काढलेल्या चित्राची सगळी ताकद त्यात काय दिसत नाही यात होती.

नावाचा जो प्रश्न वर टांगून ठेवला होता, तो सर्वांत तीव्रपणे दक्षिण आफ्रिकेत पुढे आला. या शतकाच्या आरंभी तेथील राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी हे एचआयव्हीमुळे एड्स होतो याविषयीच शंका घेत होते, आणि सरकारी दवाखान्यांत विषाणूरोधक औषधे मिळत नव्हती. केपटाउनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने मे २००१ मध्ये हे उपचार सुरू केले. तिथे उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाने, बम्बनानी हे त्याचे नाव, २००२ मध्ये केपटाउन विद्यापीठाच्या 'मेमरी बॉक्स' प्रकल्पातील जेन सॉलोमन या कलावतीबरोबर स्वतःचे देहनकाशे काढले. आजारी आईबापांनी मुलांसाठी आठवणी लिहून, साठवून ठेवाव्यात, ही युगांडातील स्त्रियांची कल्पना या प्रकल्पाच्या मुळाशी होती.

देहनकाशाची कृती थोडक्यात अशी. माणसाच्या उंचीचा कागद जमिनीवर पसरायचा. त्यावर एकीने निजायचे, दुसरीने तिच्या देहाची बाह्यरेषा रंगाने आखायची. नंतर कित्येक दिवस ज्या-त्या स्त्रीने आपली आकृती भरायची. शस्त्रक्रियेचे व्रण, बाळंतपणे, जिथे मार बसला ती जागा, जिथून बळ मिळते ती जागा. हाताचे ठसे. रक्तातला विषाणू प्रत्येकीने आपापल्या कल्पनेप्रमाणे काढला, आणि औषधाने त्याचे काय होते तेही. देहाच्या रेषांवरून रोग समजून घेण्याचे प्रयोग याआधी जमैकात आणि झिंबाब्वेत मानवशास्त्रज्ञांनी केले होते, पण त्यांना जाणून घ्यायचे होते ते स्त्रियांना आपल्या शरीराची माहिती कशी आणि किती आहे हे. खायेलित्शाच्या कागदांवर माहितीबरोबर आयुष्य उतरले. हे नकाशे आणि त्या स्त्रियांची कथने २००३ मध्ये 'लाँग लाइफ' या पुस्तकात प्रसिद्ध झाली.

या स्त्रिया पुस्तकात आपापल्या नावाने आल्या. त्यामागची जोखीम जाणून घ्यायची तर गुगू द्लामिनीची आठवण ठेवावी लागते. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली आहे असे तिने जाहीरपणे सांगितले, आणि डिसेंबर १९९८ मध्ये डर्बनजवळच्या क्वामाशू येथे जमावाने तिला मारहाण करून ठार केले. तेव्हापासून नाव सांगणे ही तेथील चळवळीची प्रतिज्ञाच झाली. छातीवर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' अशी अक्षरे छापलेले सदरे घालून माणसे मोर्च्यांत उतरली. एचआयव्हीची लागण झालेल्या गरोदर स्त्रियांना नेव्हिरापीन हे औषध उपलब्ध करून द्यावे असा निकाल घटना-न्यायालयाने ५ जुलै २००२ रोजी दिला, आणि सार्वत्रिक उपचारांची योजना नोव्हेंबर २००३ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केली. देहनकाशे ज्या महिन्यांत काढले गेले ते या लढ्याच्या ऐन धामधुमीचे महिने होते. त्यांना केवळ उपचारात्मक कला म्हणणे, ही त्यांची किंमत कमी करणे होय.

आता संशोधनाच्या नीतिनियमांकडे वळावे. संशोधनात सहभागी झालेल्या व्यक्तीची ओळख गुप्त राखणे हा वैद्यकीय संशोधनाचा दंडक आहे, आणि त्यामागे दुरुपयोगाचा खरोखरच भीषण इतिहास आहे. पण कलेचा दंडक नेमका उलटा आहे: कृती ज्याची, नाव त्याचे. एकच चित्र 'विदा' म्हणून निनावी असले पाहिजे आणि 'कलाकृती' म्हणून सनाव असले पाहिजे. वांग यांनाही हा पेच टळला नाही. अमेरिकेतील फ्लिंट या शहरात १९९९ मध्ये त्यांनी असाच प्रकल्प केला, त्यात तरुणांच्या आणि सामान्य रहिवाशांच्या बरोबर स्थानिक धोरणकर्त्यांच्याही हाती कॅमेरे दिले. त्या अनुभवावरून २००१ मध्ये सहकारी लेखिकेसह लिहिलेल्या निबंधात त्यांनी तीन वेगवेगळ्या संमती सुचवल्या: छायाचित्र घेणाऱ्याची, ज्याचे घेतले जाते त्याची, आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी पुन्हा घेणाऱ्याची. ही तिसरी संमती महत्त्वाची. पहिल्या दिवशी दिलेला होकार वर्षाच्या शेवटी तसाच लागू धरता येत नाही, कारण चित्र काढून झाल्यावर माणसाला आपण काय काढले आहे ते कळते. लिहिणाऱ्या कोणालाही हे पटेल.

व्यवहारात पुष्कळदा काय होते? शोधनिबंधात चित्र येते, त्याखाली 'सहभागी क्रमांक सात' असे येते, आणि निबंधाच्या माथ्यावर संशोधकांची नावे असतात. याला कोणी चोरी म्हणणार नाही, कारण सर्व कागदपत्रे चोख असतात. माझा आक्षेप निनावीपणाला नाही. हिंसा सोसणाऱ्या बाईला नाव लपवावेसे वाटले तर तिला ते लपवता आलेच पाहिजे. आक्षेप आहे तो हा निर्णय तिच्यावतीने आधीच घेऊन टाकण्याला.

आपल्याकडे मुंबईत धारावीमध्ये या प्रकारचे मोठे काम झाले आहे. नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या 'स्नेहा' या संस्थेने २०१२ मध्ये 'देखा अनदेखा' हे प्रदर्शन भरवले. छायाचित्रे, मातीकाम आणि कापडकाम अशा माध्यमांतून वस्तीतल्या रहिवाशांनी आपल्या आरोग्याविषयी बोलावे, असा त्याचा घाट होता. फेब्रुवारी-मार्च २०१५ मध्ये त्याचाच विस्तार म्हणून 'धारावी बिनाले' झाले. त्याचे दुसरे नाव 'अ‍ॅली गल्ली बिनाले'. त्यात व्हेनिसच्या थाटाला एक कोपरखळी होती. घरगुती हिंसेच्या खुणा दाखवणारा धारावीचा कापडी नकाशा हे त्यातले एक काम. वाकळ किंवा गोधडी म्हणजे घरातल्या जुन्या लुगड्यांचा आणि धोतरांचा हिशेब असतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच हाताने हिंसेचा हिशेब मांडला जावा, यात परके असे काही वाटत नाही. धारावीसारख्या वस्तीला पाहुण्या कॅमेऱ्यांची वाण कधीच नव्हती. परदेशी प्रवाशांच्या वस्तीदर्शनाच्या फेऱ्याही तिथे निघतात. तेव्हा तिथे राहणाऱ्यांनीच आपले काय दाखवायचे आणि काय झाकायचे ते ठरवावे, या गोष्टीचे मोल तिथे दुप्पट होते.

पण नावाच्या प्रश्नाला मराठीत मिळालेले सर्वांत स्पष्ट उत्तर आरोग्य-संशोधनाच्या बाहेरचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांच्या संघटनकार्यातून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सुरू केला. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून तो एक लाख ओव्यांच्या पलीकडे गेला. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर तो क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. या ओव्यांत बाळंतपण आहे, आजारपण आहे, सासरचा छळ आहे, भावाची वाट पाहणे आहे. कोणत्याही आरोग्य-सर्वेक्षणाला हेवा वाटावा असा हा ऐवज आहे. लोकसाहित्याच्या आपल्या जुन्या संग्राहकांनी ओवीला बहुधा अनामिक मानले आणि 'लोक' नावाच्या एका सामूहिक कवीच्या खात्यावर जमा केले. या संग्रहाने ओवीखाली गाणारीचे नाव आणि तिचे गाव लिहिले. ओवी परंपरेने आलेली असते, गाणारी तिची एकमेव कर्ती नसते, हे संग्राहकांना पुरेपूर माहीत होते. तरी त्यांनी नाव लिहिले. आज त्या संग्रहात मुळशी तालुक्यातल्या एखाद्या बाईची ओवी शोधायची तर तिच्या नावाने शोधता येते. त्याच बाईने उद्या एखाद्या आरोग्य-प्रकल्पात आपल्या देहाचा नकाशा काढला, तर तो शोधायला आपल्याला तिचा क्रमांक माहीत असावा लागेल.